नव्या टॅबवरचा अधिकार

ब्राउझरच्या वरच्या पट्टीवरील अधिक चिन्ह दाबले, किंवा कळफलकावर कंट्रोल आणि टी या कळा एकत्र दाबल्या, की एक नवा टॅब उघडतो. आणि संगणकावर दिवसभर काम करणाऱ्या माणसासमोर हा नवा टॅब जितक्या वेळा येतो तितक्या वेळा दुसरे कोणतेही पान क्वचितच येत असेल. या टॅबात कोणते पान दिसावे, तो पट्टीवर नेमका कोठे उघडावा, उघडताच समोर यावा की वापरणाऱ्याची वाट पाहत मागे थांबावा, आणि टाइप केलेले पहिले अक्षर अ‍ॅड्रेस बारमध्ये उमटावे की पानावरील एखाद्या चौकटीत, असे चार प्रश्न या एका साध्या कृतीत दडलेले आहेत. या चारही प्रश्नांची तांत्रिक उत्तरे फार पूर्वीच सापडलेली आहेत. वाद उरतो तो पाचव्या प्रश्नाचा, म्हणजे हे सारे ठरवायचे कोणी याचा. आणि गेल्या वीसएक वर्षांचा इतिहास पाहता हा अधिकार वापरणाऱ्याच्या हातून हळूहळू निसटत गेला, त्यामागे काही कारणे सुरक्षिततेची व प्रामाणिक होती, तर काही सरळ उत्पन्नाची होती, असे म्हणावे लागते.

टॅब हा शब्द कपाटातील फायलींच्या किंवा कार्डांच्या कडेला बाहेर डोकावणाऱ्या, नाव लिहिलेल्या पट्टीवरून आला. ब्राउझरमध्ये टॅब येण्यापूर्वी प्रत्येक पानासाठी वेगळी विंडो उघडावी लागे, आणि दहा पाने उघडली की पडद्याच्या तळाशी दहा सारख्याच चौकटींची गर्दी होई. 1994 मध्ये बुकलिंक टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या इंटरनेटवर्क्स या ब्राउझरने एका विंडोत अनेक टॅब ही रचना प्रथम आणली; नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नेटकॅप्टरने आणि 2000 च्या सुमारास ऑपेराने ती पुढे नेली; 2001 मध्ये मोझिलात व 2003 मध्ये सफारीत टॅब आले; आणि त्या काळी जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या इंटरनेट एक्सप्लोररला ते 2006 च्या ऑक्टोबरात, सातव्या आवृत्तीत, मिळाले. या सुरुवातीच्या काळात बहुतेक ठिकाणी नवा टॅब कोराच उघडत असे. त्या कोरेपणात काही उणीव आहे असे तेव्हा फारसे कोणाला वाटत नव्हते, कारण नवा टॅब उघडणाऱ्याला पुढे काय टाइप करायचे हे ठाऊक असते असे गृहीत धरलेले होते.

टॅब उघडण्याचे दोन मार्ग मुळातच वेगळे आहेत आणि या विषयावरील चर्चेत त्यांची वारंवार गल्लत होते. एका मार्गात वापरणारा स्वतः नवा टॅब मागतो; दुसऱ्या मार्गात तो एखाद्या लिंकवर, म्हणजे दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या दुव्यावर, क्लिक करतो आणि त्या पानाच्या लेखकाने आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञेमुळे ते पान नव्या टॅबात उघडते. ही आज्ञा म्हणजे एचटीएमएल या पानरचनेच्या भाषेतील टार्गेट नावाचा गुणविशेष होय. नेटस्केपने एका पानाचे अनेक चौकटींत विभाजन करण्याची सोय दुसऱ्या आवृत्तीत दिली, तेव्हा कोणते पान कोणत्या चौकटीत जावे हे सांगण्यासाठी हा गुणविशेष जन्माला आला. चौकटी पुढे कालबाह्य झाल्या, पण नवी विंडो उघडण्याची त्याची ताकद टिकून राहिली. 1997 च्या एचटीएमएल 4 मध्ये, भाषेचे जे शुद्ध व कडक रूप सांगितले होते त्यात टार्गेटला जागा नव्हती, कारण पान कोठे उघडावे हे लेखकाने ठरवणे त्या रूपाच्या तत्त्वात बसत नव्हते. एचटीएमएल 5 ने मात्र प्रत्यक्ष वापर पाहून लिंकसाठी तो पुन्हा मान्य केला. 2004 मध्ये सीएसएस या मांडणीच्या भाषेच्या एका मसुद्यात नवे पान विंडोत उघडावे की टॅबात हे सांगणारा गुणधर्मही सुचवला गेला होता, पण तो मसुदा पुढे सोडून दिला गेला. झाले ते योग्यच झाले, कारण विंडो की टॅब ही निवड वाचणाऱ्याच्या सवयीची आणि त्याच्या यंत्राच्या आकाराची बाब आहे, पानाच्या सजावटीची नव्हे.

लेखकाने परस्पर नवी विंडो उघडण्याला वापरसुलभतेच्या अभ्यासकांचा विरोध जुना आहे. संकेतस्थळांच्या रचनेतील नव्या चुकांची जी यादी जेकब निल्सन यांनी 1999 मध्ये मांडली, तिच्यात ही चूक होती. नव्या विंडोत मागे जाण्याचे बटण निकामी होते, आणि आपण दुसऱ्या विंडोत आलो आहोत हे ज्याच्या लक्षात येत नाही तो त्याच बटणाशी झगडत राहतो, हा त्या आक्षेपाचा गाभा होता. पान ऐकून वाचणाऱ्या अंध व्यक्तीला हा बदल डोळस माणसापेक्षाही अधिक गोंधळात टाकतो, म्हणून सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत नवी विंडो उघडणार असल्यास त्याची आगाऊ सूचना देण्याचे तंत्र सांगितले आहे. भारतातील शासकीय संकेतस्थळांवर बाहेरच्या दुव्यापाशी, हे बाह्य संकेतस्थळ असून ते नव्या विंडोत उघडेल, अशा आशयाची जी सूचना मराठी पानांवरही दिसते, ती याच विचारातून आली आहे. ही सूचना अनेकांना निरर्थक सोपस्कार वाटते. पडद्यावरचा मजकूर कानांनी वाचणाऱ्यासाठी मात्र ती जिन्याच्या शेवटच्या पायरीची खूण असते.

सुरक्षिततेची बाजू यात नंतर जोडली गेली. टार्गेटमुळे नव्या टॅबात उघडलेल्या पानाला आपल्याला उघडणाऱ्या मूळ पानापर्यंत पोचण्याची एक वाट मिळत असे, आणि त्या वाटेने ते मूळ टॅबातील पान गुपचूप बदलून तेथे बँकेच्या प्रवेशपानाची हुबेहूब नक्कल ठेवू शकत असे. वापरणारा परत येऊन पाहतो तेव्हा आपणच उघडलेला टॅब म्हणून तो त्यावर विश्वास टाकतो. मागे पडलेल्या टॅबातले पान नजर नसताना रूप बदलते, या प्रकारच्या फसवणुकीला एझा रास्किन यांनी 2010 मध्ये टॅबनॅबिंग असे नाव दिले होते. लेखकाने नोओपनर हा शब्द जोडला तर ही वाट बंद होते, पण तो जोडण्याचे बहुतेकांच्या ध्यानीमनी नसे; अखेर सफारीने 2019 मध्ये, फायरफॉक्सने 2020 मध्ये आणि क्रोमने 2021 मध्ये अशा लिंकसाठी ही वाट आपणहून बंद ठेवण्यास सुरुवात केली. वापरणाऱ्याची कोणतीही निवड हिरावून न घेता त्याचे रक्षण कसे करावे याचा हा चांगला नमुना आहे, आणि पुढे येणाऱ्या एका उलट उदाहरणाशी तो ताडून पाहण्यासारखा आहे.

लेखकाच्या आज्ञेवर वापरणाऱ्याला स्वतःचा उतारा उपलब्ध आहे, आणि तो बहुतेक ब्राउझरांत जवळजवळ सारखाच आहे. कंट्रोल कळ दाबून धरून, किंवा माउसचे मधले चाक दाबून, लिंकवर क्लिक केले की पान नव्या टॅबात पण मागे उघडते; त्यात शिफ्ट कळेची भर घातली की ते समोर येते; मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड कळ वापरावी लागते. मागे उघडण्याची ही रीत वाचनाची एक नवीच पद्धत घडवून गेली, कारण लेख वाचताना संदर्भांची पाने क्रमाने बाजूला काढून ठेवायची, हाती घेतलेला लेख पुरा करायचा आणि मग त्यांच्याकडे वळायचे, हे जुन्या ग्रंथालयात पुस्तके टेबलावर काढून ठेवण्यासारखेच होते. मागे उघडलेल्या पानातील चित्रफीत आपोआप वाजू लागली तर ही शांतता मोडते, म्हणून क्रोम व फायरफॉक्स यांनी टॅब प्रत्यक्ष समोर येईपर्यंत तिला थांबवून धरण्याची तजवीज केली. पान नेहमीच समोर उघडावे असे ज्याला वाटते त्याला फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये तशी निवड आहे. आणि नव्या विंडोची मागणी करणाऱ्या लिंकना टॅबात वळवण्याची सोय त्याच ब्राउझरने 2006 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून मूळ सेटिंग म्हणूनच दिली.

नवा टॅब पट्टीवर कोठे यावा हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, पण त्यावरून झालेली नाराजी क्षुल्लक नव्हती. सुरुवातीला फायरफॉक्स प्रत्येक नवा टॅब रांगेच्या अगदी शेवटी उघडत असे. 2010 च्या जानेवारीत आलेल्या 3.6 आवृत्तीने लिंकमधून उघडणारा टॅब त्याच्या मूळ टॅबाशेजारी आणून ठेवला, आणि ज्यांची बोटे व नजर रांगेच्या शेवटाला सरावली होती त्यांना आपले टॅब हरवल्यासारखे वाटले. दोन्ही बाजूंकडे तर्क आहे. शेजारी उघडण्यात विषयाची जवळीक जपली जाते, एका शोधातून निघालेली पाच पाने एकत्र राहतात. शेवटी उघडण्यात काळाचा क्रम जपला जातो, आणि सर्वांत अलीकडचे पान कोठे असेल हे न पाहताही सांगता येते. क्रोमने यांतून एक मधली वाट काढली आहे, ती अशी की लिंकमधून निघालेला टॅब शेजारी आणि स्वतः मागितलेला कोरा टॅब शेवटी. शिवाय कोणत्याही टॅबावर उजवे क्लिक करून त्याच्या उजवीकडे नवा टॅब मागण्याचीही सोय तेथे आहे. फायरफॉक्समध्ये अबाउट:कॉन्फिग या पत्त्यावर उघडणाऱ्या प्रगत सेटिंगांच्या यादीत लिंकचे टॅब आणि सर्व टॅब यांसाठी दोन वेगवेगळ्या नोंदी आहेत आणि त्या बदलून हवा तो क्रम मिळवता येतो, मात्र नेहमीच्या सेटिंगच्या पानावर त्यांचा मागमूस नसल्याने सामान्य वापरणारा तेथवर पोचत नाही. या बाबतीत सर्वांत मोकळा ब्राउझर विवाल्डी आहे. ऑपेराचे माजी प्रमुख योन फॉन टेट्झनर यांनी उभारलेल्या आणि 2016 मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती देणाऱ्या या ब्राउझरात नवा टॅब संबंधित टॅबांनंतर, चालू टॅबानंतर, रांगेच्या शेवटी किंवा संबंधित टॅबांच्या गठ्ठ्यात उघडावा हे सारे सरळ एका यादीतून निवडता येते. 2013 मध्ये ऑपेराने आपले जुने इंजिन सोडून, क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियमचा आधार घेतला तेव्हा त्याच्या कितीतरी जुन्या सोयी गळून पडल्या होत्या, आणि विवाल्डीचा हा मोकळेपणा म्हणजे त्या नुकसानीची भरपाई आहे.

कोऱ्या पानाची जागा भरण्याचा पहिला मोठा प्रयोग ऑपेराचाच होता. 2007 मधील 9.2 आवृत्तीत स्पीड डायल नावाने नवा टॅब नऊ चौकोनांचा झाला. कोणते संकेतस्थळ कोणत्या चौकोनात बसवायचे हे वापरणारा ठरवी, आणि कंट्रोलसह एक ते नऊ यांपैकी अंक दाबला की ते उघडे. 2008 च्या सप्टेंबरात क्रोम आला तेव्हा त्याच्याही नव्या टॅबात नऊच चौकोन होते, पण ते इतिहासातील नोंदींवरून, म्हणजे कोणते पान किती वेळा पाहिले गेले यावरून, यंत्र स्वतः भरत असे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दोन जाळ्यांमधला फरक मूलभूत होता: पहिले म्हणजे माणसाने केलेली मांडणी होती, दुसरे यंत्राने माणसाविषयी केलेले अनुमान. सफारीने 2009 मध्ये टॉप साइट्स या नावाने आणि फायरफॉक्सने 2012 च्या तेराव्या आवृत्तीत हीच दुसरी वाट धरली, तरी फायरफॉक्सने चौकोन जागेवर खिळवून ठेवण्याची, नको तो काढून टाकण्याची आणि कोपऱ्यातील एका खुणेवर क्लिक करून पान पुन्हा कोरे करण्याची मुभा ठेवली होती. अनुमानाने भरलेल्या पानाची एक अडचण वर्गात किंवा सभेत ब्राउझर मोठ्या पडद्यावर दाखवताना लक्षात येते, कारण शिक्षकाने नवा टॅब उघडताच त्याच्या खाजगी सवयींची यादी चित्रांसह सर्वांसमोर येते. ज्याला अशा प्रसंगांना वारंवार सामोरे जावे लागते त्याच्यासाठी कोरे पान हा आजही उत्तम पर्याय आहे.

आता ज्या घटनेकडे या साऱ्या विषयाचा केंद्रबिंदू म्हणून पाहावे लागते तिच्याकडे वळता येईल. फायरफॉक्समध्ये प्रगत सेटिंगांच्या यादीत ब्राउझर.न्यूटॅब.युआरएल नावाची एक नोंद होती. तिच्यात कोणताही पत्ता लिहिला की नवा टॅब थेट त्या पत्त्यावर उघडे. कोणी तेथे शब्दकोशाचा पत्ता ठेवी, कोणी कार्यालयाच्या अंतर्गत पानाचा, तर कोणी स्वतःच्या संगणकावर हाताने लिहिलेल्या दुव्यांच्या साध्या फायलीचा. 2015 च्या सप्टेंबरात आलेल्या 41 व्या आवृत्तीतून ही नोंद काढून टाकण्यात आली. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिला या संस्थेने दिलेले कारण खोटे नव्हते. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात दडून येणारे उपद्रवी प्रोग्राम ही नोंद परस्पर बदलत, नव्या टॅबात आपले शोधपान घुसवत आणि त्यावरील जाहिरातींवर कमाई करत. वापरणाऱ्याला हे कसे घडले ते कळत नसे आणि कसे परतवावे तेही उमगत नसे. अपहरण हा शब्द या प्रकारासाठी रूढ झाला आणि तो सार्थ आहे. त्याच सुमारास क्रोमनेही उपाय योजले: एका एक्स्टेन्शनने, म्हणजे ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या लहान पूरक प्रोग्रामने, एकच ठरावीक काम करावे असा नियम 2013 च्या अखेरीस जाहीर झाला, विंडोजवर फक्त अधिकृत भांडारातीलच एक्स्टेन्शने चालतील असे बंधन 2014 मध्ये आले, आणि नवा टॅब बदलला गेल्यास हा बदल तुम्हाला अपेक्षित होता का असे विचारणारी चौकट दाखवली जाऊ लागली.

दोन ब्राउझरांच्या या प्रतिसादांत जो फरक आहे तोच या आढाव्यातील कळीचा मुद्दा आहे. एकाने सोय काढून घेतली, दुसऱ्याने विचारणा केली. काढून घेतल्याने अपहरण करणाऱ्याचे काम थोडे अवघड झाले असेल, परंतु जो प्रोग्राम वापरणाऱ्याच्या संगणकावर त्याच्याच अधिकाराने चालतो आहे त्याला दुसऱ्या वाटा मोकळ्याच राहतात. आणि जो प्रामाणिकपणे एक पत्ता बदलू पाहत होता त्याच्यासाठी मात्र सरळ वाट उरली नाही. सोरेन हेन्टशेल या जर्मन विकासकाने लवकरच न्यू टॅब ओव्हरराइड हे एक्स्टेन्शन दिले आणि असंख्य लोकांची सोय झाली. तरीही एक ओळ बदलण्यासाठी आता बाहेरचा प्रोग्राम जोडणे भाग पडले, आणि त्यातला धोका लहान नाही, कारण एक्स्टेन्शन आपोआप अद्ययावत होत असते, त्याची मालकी दुसऱ्याकडे जाऊ शकते, आणि नव्या टॅबात घड्याळ व निसर्गचित्र दाखवणारी काही एक्स्टेन्शने सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची परवानगी मागतात. सुरक्षिततेच्या नावाने वापरणाऱ्याला अधिक अनोळखी माणसांवर विसंबायला लावणे हा उपाय कारण समजून घेऊनही पटत नाही. पुढे फायरफॉक्सनेही, एखाद्या एक्स्टेन्शनने नवा टॅब बदलला की तो बदल ठेवायचा की परतवायचा हे विचारणारी चौकट आणलीच. म्हणजे विचारणे शक्य होते, आणि जे एक्स्टेन्शनच्या बाबतीत शक्य झाले ते एका नोंदीच्या बाबतीत अशक्य असण्याचे कारण दिसत नाही. पुढे अनेक वर्षे त्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये पहिल्या पानासाठी हवा तो पत्ता लिहिता येई, पण त्याच्याच खालच्या ओळीत नव्या टॅबासाठी फायरफॉक्सचे स्वतःचे पान किंवा कोरे पान एवढेच दोन पर्याय असत, आणि ही विसंगती कोणत्याही सुरक्षाविचाराने समर्थनीय ठरत नाही, कारण अपहरण करणारे पहिल्या पानालाही सोडत नव्हते.

2017 च्या नोव्हेंबरात फायरफॉक्सची 57 वी आवृत्ती आली आणि जुन्या पद्धतीची, ब्राउझरच्या अंतर्भागात शिरून काहीही बदलू शकणारी सारी एक्स्टेन्शने एका दिवसात निकामी झाली. टॅब कोठे, कसे, किती ओळींत उघडावेत याचे शेकडो बारकावे हाती देणारे टॅब मिक्स प्लस हे या बदलातले सर्वांत दुखरे नुकसान होते. नव्या रचनेत एक्स्टेन्शनला नवा टॅब बदलण्याचा अधिकृत मार्ग मिळाला, त्याच वर्षी 54 व्या आवृत्तीत तो आधीच आला होता, पण तो अरुंद होता. त्या मार्गाने संगणकातील स्वतःची फाइल थेट उघडता येत नाही, कारण ब्राउझर एक्स्टेन्शनला स्थानिक फायलींचे पत्ते उघडू देत नाही; जो माणूस वर्षानुवर्षे हाताने लिहिलेले दुव्यांचे पान वापरत होता त्याला ते कोठेतरी जाळ्यावर चढवावे लागले किंवा त्याची प्रत एक्स्टेन्शनच्या आत ठेवावी लागली.

टाइप केलेले अक्षर कोठे उमटावे हा चौथा प्रश्न याच ठिकाणी डोके वर काढतो. क्रोमच्या विकासकांसाठीच्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे की नवा टॅब उघडताच कळफलकाचा रोख नेहमी अ‍ॅड्रेस बारकडेच जातो आणि एक्स्टेन्शनच्या लेखकाने तो आपल्या पानाकडे येईल असे गृहीत धरू नये. पान लहान व वेगवान असावे असेही तेथे बजावलेले आहे, आणि खाजगी विंडोत नवा टॅब बदलूच दिला जात नाही. वेगाचा आग्रह रास्त आहे. नवा टॅब हा डोळ्याची पापणी लवण्याइतक्या वेळात यावा लागतो, आणि फायरफॉक्स तर आपले पान आधीच पडद्याआड तयार करून ठेवतो. दूरच्या संकेतस्थळाचा पत्ता तेथे बसवला की ही चपळाई जाते आणि जोडणी मंद असेल तर प्रत्येक टॅबामागे वाट पाहावी लागते. रोखाच्या बाबतीत मात्र दोन्ही गरजा खऱ्या आहेत. जो पत्ता टाइप करण्यासाठी टॅब उघडतो त्याला रोख वर हवा असतो; जो नव्या टॅबात मराठी शब्दकोशाचे शोधपान ठेवतो त्याला टाइप केलेला शब्द सरळ त्या पानावरच्या चौकटीत जावा असे वाटते, आणि दर वेळी माउसकडे हात न्यावा लागला तर साऱ्या खटाटोपाचा फायदाच उरत नाही. न्यू टॅब ओव्हरराइडमध्ये हा रोख निवडण्याची सोय आहे, म्हणजे ही गरज काल्पनिक नाही.

नव्या टॅबावर पैशाची नजर पडली नसती तरच नवल. मोझिलाने 2014 मध्ये नव्या टॅबातील चौकोनांत प्रायोजित जागा देण्याचा प्रयोग केला आणि 2015 च्या अखेरीस तो थांबवत असल्याचे जाहीर केले. 2017 मध्ये वाचनासाठी लेख साठवून ठेवणारी पॉकेट ही सेवा विकत घेतली, पुढच्या वर्षी तिच्या शिफारशींसोबत प्रायोजित लेख नव्या टॅबात आणले, आणि 2025 च्या जुलैत ती सेवाच बंद केली. ब्रेव्ह या ब्राउझरने 2020 पासून नव्या टॅबाच्या पार्श्वचित्रांत प्रायोजित चित्रे मिसळली. मायक्रोसॉफ्ट एजच्या नव्या टॅबात बातम्यांची लांबलचक रांग असते, क्रोममध्ये 2013 पासून गूगलच्या शोधाची चौकट ठळकपणे मध्यभागी आहे. यांतील बहुतेक गोष्टी बंद करता येतात, हे नोंदवणे न्यायाचे ठरेल. तरीही बंद करण्याचे कष्ट ज्याच्यावर सोडले जातात तो क्वचितच ते घेतो, आणि ब्राउझर विनामूल्य देणाऱ्या संस्थेला कोठून तरी उत्पन्न मिळवावेच लागते, या दोन वस्तुस्थितींमधून हे पान एकदा भरले गेले ते भरलेलेच राहिले. मोझिलासारख्या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली चालणाऱ्या ब्राउझरकडून वेगळी अपेक्षा होती, म्हणून तेथील बदल अधिक बोचले.

इतर ब्राउझरांची स्थिती थोडक्यात सांगता येते. सफारीत नवा टॅब प्रारंभपान, पहिले पान, कोरे पान किंवा चालू असलेलेच पान यांपैकी कशानेही उघडण्याचा पर्याय सेटिंगच्या पहिल्याच पानावर आहे, आणि चारच पर्यायांत बहुतेकांची गरज भागते हे त्या रचनेचे यश आहे. इंटरनेट एक्सप्लोररसारख्या आता इतिहासजमा झालेल्या ब्राउझरातही कोरे पान, नव्या टॅबाचे पान आणि पहिले पान अशी निवड होती. एज व क्रोम यांत सामान्य वापरणाऱ्याला आपला पत्ता देण्यासाठी एक्स्टेन्शनचा आधार घ्यावा लागतो, मात्र संस्थेच्या संगणकांचे व्यवस्थापन करणाऱ्याला धोरणाच्या एका नोंदीने, न्यूटॅबपेजलोकेशन या नावाने, सर्व यंत्रांवरील नवा टॅब ठरवता येतो. म्हणजे सोय यंत्रात आहेच. ती कंपनीच्या व्यवस्थापकाला दिली जाते आणि घरी बसलेल्या माणसाला दिली जात नाही. नागरी सुविधा केंद्रासारख्या ठिकाणी, जेथे एकाच संगणकावरून दिवसभर त्याच चार-पाच शासकीय संकेतस्थळांवर अर्ज भरले जातात, तेथे नवा टॅब थेट त्या दुव्यांच्या पानावर उघडला तर कितीतरी क्लिक वाचतील; पण अशा ठिकाणी धोरणे लिहिणारा व्यवस्थापक असतोच असे नाही.

टॅबांच्या वापराचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. टोरोंटो विद्यापीठातील पॅट्रिक डुब्रॉय व रविन बालकृष्णन यांनी 2010 मध्ये फायरफॉक्स वापरणाऱ्यांच्या टॅबांच्या सवयींचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातील अनिकेत किट्टूर व सहकाऱ्यांनी 2021 मध्ये, लोक इतके टॅब उघडे का ठेवतात, या प्रश्नाचा मागोवा घेतला. या दुसऱ्या अभ्यासातून दिसलेली गोष्ट अशी की उघडा टॅब हा अनेकांसाठी राहिलेल्या कामाची आठवण असतो, आणि तो बंद केला तर ते काम कायमचे नजरेआड जाईल या भीतीने माणसे त्याला हात लावत नाहीत. या निष्कर्षाच्या प्रकाशात पाहिले तर नवा टॅब कोठे उघडतो याला वेगळेच महत्त्व येते, कारण ज्याच्या पट्टीवर चाळीस टॅब आठवणी म्हणून मांडलेले आहेत त्याच्यासाठी शेजारी उघडणारा टॅब त्या मांडणीला धक्का देतो, तर शेवटी उघडणारा टॅब तिच्या खाली नवी ओळ जोडतो. टॅबांचे गट आणि उभी पट्टी या सोयी याच गरजेतून आल्या. क्रोमने 2020 मध्ये गट आणले. एजने 2021 मध्ये पट्टी उभी केली. आणि 2011 मध्ये पॅनोरमा नावाने गटांची कल्पना मांडून 2016 मध्ये ती सोडून देणाऱ्या फायरफॉक्सने 2025 मध्ये उभे टॅब आणि गट दोन्ही नव्याने दिले. काढून टाकलेली सोय नऊ वर्षांनी परत येऊ शकते, हे नव्या टॅबाच्या पत्त्यासाठी अजूनही आशा वाटणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

फोनवर मात्र ही सारी चर्चा जवळजवळ थांबते. अँड्रॉइडवरील क्रोममध्ये एक्स्टेन्शने चालत नाहीत आणि नव्या टॅबात शोधाची चौकट, नेहमीच्या पानांच्या खुणा आणि खाली बातम्यांची रांग हीच रचना स्वीकारावी लागते, फार तर ती रांग मिटून ठेवता येते. अँड्रॉइडवरील फायरफॉक्सने 2023 च्या डिसेंबरात एक्स्टेन्शनांची दारे मोठ्या प्रमाणावर उघडली, पण नवा टॅब बदलण्याचा मार्ग तेथे नाही. महाराष्ट्रातील वाचकांचा फार मोठा वर्ग जाळ्यावर येतो तो फोनवरूनच, त्यामुळे संगणकावरच्या सेटिंगांची कितीही बारकाईने मांडणी केली तरी ती त्यांच्या उपयोगाची नाही. त्यांच्या हाती आज उरते ते एवढेच, की रोज लागणारे पान एकदा उघडावे, ब्राउझरच्या मेनूतून ते फोनच्या मुख्य पडद्यावर खूण म्हणून ठेवावे, आणि पुढच्या वेळी नवा टॅब न मागता त्या खुणेवर बोट ठेवून थेट तेथे पोचावे.